दोन शिवाजीनगरे आणि एक धाकटी दुर्बीण

शिवाजीनगर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पुणे उभे राहते. पण याच नावाची एक दाट वस्ती बंगलोरातही आहे. इंग्रजी छावणीच्या काळात तिला ब्लॅकपल्ली म्हणत, जसे पुण्याच्या शिवाजीनगराला पूर्वी भांबुर्डे म्हणत. १६३८ साली बंगलोर विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे शहाजीराजांचे बिऱ्हाड तेथे थाटले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शहरात महाराजांचे नाव भेटल्याचे नवल वाटत नाही. सेंट मेरी देवालयाचा उंच मनोरा, रसेल मार्केटची कमानदार इमारत आणि तिच्याभोवती फळा-फुलांच्या, मटणाच्या, कापडाच्या दुकानांची दाटी, असा हा भाग आहे. येथे जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची मोठी गुजरीही भरते. बंद पडलेल्या गाडीचा एखादा दुर्मिळ भाग येथे मिळून जातो, अशी तिची ख्याती आहे.

या वस्तीतील एखाद्या गच्चीवर सहा इंची आरशाची एक हौशी दुर्बीण आहे, आणि तिच्या नळीवरची शोधक-दुर्बीण पडून फुटली आहे, अशी कल्पना करू. हा प्रसंग हौशी निरीक्षकांच्या ओळखीचा आहे. दुर्बीण उचलताना हात नेमका त्या लहानशा नळीवर पडतो आणि तिचा पाया निखळतो. आरसा शाबूत, भिंगे शाबूत, तिवई शाबूत; आणि तरीही त्या रात्री आकाशात काहीही सापडत नाही. गुजरीत या भागाला जोड मिळण्याची आशा फारशी नसते. नवा घ्यावा लागतो, आणि तो कोणता घ्यावा या प्रश्नापाशी पुष्कळजण अडखळतात. या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण दुसऱ्या शिवाजीनगरात, म्हणजे पुण्यात घडलेले आहे.

शोधकाशिवाय दुर्बीण आंधळी का होते, हे थोडा हिशोब केला तर कळते. सहा इंची दुर्बिणीचे केंद्रांतर बहुधा १,२०० मिलिमीटर असते. तिला २५ मिलिमीटरचे नेत्रभिंग लावले तर वस्तू ४८ पट मोठी दिसते आणि आकाशाचा जेमतेम एक अंश रुंदीचा तुकडा नजरेत येतो. म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट. क्षितिजावरचे सारे आकाश अशा तुकड्यांनी झाकायचे म्हटले तर २६,००० हून अधिक तुकडे लागतील. त्यांतील नेमका एक हवा आहे. उलट, आठ पट मोठे दाखविणाऱ्या ५० मिलिमीटर भिंगाच्या लहान दुर्बिणीतून सुमारे सहा अंशांचे क्षेत्र दिसते, आणि तेच आकाश सव्वासातशे-साडेसातशे तुकड्यांत आटोपते. मोठ्या दुर्बिणीने पाहायचे असते. पण कोठे पाहायचे ते तिला सांगावे लागते, आणि सांगणारा धाकटा असतो.

ही अडचण दुर्बिणीइतकीच जुनी आहे. गॅलिलिओने १६०९-१० च्या हिवाळ्यात ज्या नळ्यांतून आकाश पाहिले, त्यांचे क्षेत्र इतके तोकडे होते की एका दृष्टिक्षेपात अख्खा चंद्रही मावत नसे. तरी त्याची नळी सरळ होती. डोळा, भिंग आणि ग्रह एका रेषेत असल्यामुळे नळीवरून नजर टाकून अंदाज बांधता येई. न्यूटनने आरशाची दुर्बीण केली तेव्हा ही सोयही गेली. तीत निरीक्षक नळीच्या बाजूला उभा राहतो. तारा असतो उत्तरेला आणि पाहणाऱ्याचे तोंड असते पूर्वेला. म्हणूनच १७२१ साली जॉन हॅडलीने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली आरशाची दुर्बीण ठेवली, तेव्हा मोठ्या नळीच्या पाठीवर तिला समांतर अशी भिंगाची एक छोटी दुर्बीण बसविलेली होती. हॅडलीचा आरसाही सहा इंचांचाच होता. आजच्या हौशी दुर्बिणीच्या आकृतीत आणि त्या यंत्राच्या आकृतीत पाहणाऱ्याला फारसा फरक जाणवणार नाही.

भिंगाविना नळीने नजर बांधण्याची कला आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत नलिकाबंधाची रीत सांगितली आहे. ग्रहाचे स्थान गणिताने काढावयाचे, त्याप्रमाणे पोकळ नळी दांड्यांवर बांधावयाची, आणि त्या वेळी नळीतून ग्रह दिसतो की नाही हे पाहावयाचे; हवे तर खालच्या पाण्यात पडलेले त्याचे प्रतिबिंब नळीतून पाहावयाचे. हा विधी राजासमोर करावयाचा असे. म्हणजे नळी ही गणकाच्या गणिताची जाहीर परीक्षा होती. ग्रह नळीत आला नाही तर दोष नळीचा नसे! दुर्बिणीच्या शोधकाचे कामही हेच आहे: नकाशावरील स्थान आणि आकाशातील वस्तू यांची गाठ घालून देणे.

आता पुण्याकडे वळू. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला भेट दिली आणि वर्णपटाच्या अभ्यासाची सामग्री घेण्यासाठी ५,००० रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. तेथे भौतिकशास्त्र शिकविणारे कावसजी दादाभाई नायगामवाला हे त्या वेळी पंचविशीतले होते. सामग्री खरेदी करण्यासाठी ते विलायतेस गेले. प्रयोगशाळेची उपकरणे आणायला गेलेला हा तरुण वेधशाळेचा संकल्प घेऊन परतला, कारण तेथील ज्योतिर्विदांनी त्यांना तोच सल्ला दिला. वीस इंची आरशाची मोठी दुर्बीण डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबकडे सांगण्यात आली. १८८५ साली नायगामवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. आज जे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून शिवाजीनगरात, मुळा-मुठेच्या संगमाजवळ उभे आहे, ते हेच. तेथे १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सिद्ध झाली. तिची दुर्बीण पुढे कित्येक दशके देशातील सर्वांत मोठी दुर्बीण म्हणून गणली गेली.

या दुर्बिणीवर नायगामवालांनी केलेले एक काम येथे सांगण्यासारखे आहे. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती कशाची, यावर त्या काळी इंग्लंडमध्ये कडाक्याचा वाद चालू होता. नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे असे की, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. म्हणून ती एका बाजूने पुसट दिसली पाहिजे. विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हते. नायगामवालांनी पुण्यातून ती रेषा तपासली आणि ती सर्व परिस्थितींत बारीक व रेखीव दिसते असे १८९१ साली प्रसिद्ध केले. हा निष्कर्ष लॉकियरच्या विरुद्ध जाणारा होता, आणि लॉकियर म्हणजे त्या काळचे बडे प्रस्थ. पुढे १९२७ साली आयरा बोवेन यांनी ती रेषा विरळ वायूतील दोन ऋणकण गमावलेल्या ऑक्सिजनची आहे असे दाखविले, तेव्हा मॅग्नेशियमची गोष्ट कायमची मिटली. पुण्यातील नजर चुकली नव्हती.

असे निरीक्षण करताना दुर्बिणीच्या केंद्राशी नेत्रभिंग नसते. तेथे वर्णपटदर्शकाची केसासारखी बारीक फट असते. तेजोमेघाचा हवा तो भाग त्या फटीवर आणून ठेवायचा आणि तेथेच टिकवायचा. हे ज्याला साधते त्याला नेम धरणे म्हणजे काय ते चांगले कळते. अशा कामासाठी यंत्रे करणाऱ्या कारखानदारालाही ते कळलेलेच असते. आणि ग्रबच्या बाबतीत त्याचा पुरावाच आहे.

ग्रबचे घराणे डब्लिनचे. बाप थॉमस आणि मुलगा हॉवर्ड या दोघांनी मेलबर्नची ४८ इंची दुर्बीण १८६० नंतरच्या दशकात तयार केली; नंतर व्हिएन्नाची २७ इंची भिंगाची दुर्बीण हॉवर्डने केली. १८८७ साली त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. अशा या माणसाने १९०० साली आकाशाशी काडीचाही संबंध नसलेल्या एका वस्तूची सनद घेतली. ती वस्तू म्हणजे बंदुका-तोफांचा नवा नेमदर्शक.

साध्या बंदुकीची शिस्त धरताना डोळ्याला तीन ठिकाणी एकाच वेळी पाहावे लागते: जवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य. डोळ्याला ते जमत नाही. एक स्पष्ट दिसले की बाकीची दोन पुसट होतात, आणि चाळिशी उलटलेल्या डोळ्यांची तर फारच त्रेधा उडते. ग्रबने युक्ती अशी केली की, प्रकाशित केलेली एक खूण भिंगाच्या बरोबर केंद्राशी ठेवायची आणि भिंगातून निघणारे समांतर किरण एका तिरप्या काचेवरून डोळ्याकडे परतवायचे. काचेतून पलीकडचे लक्ष्य दिसते आणि त्याच लक्ष्यावर ती खूण तरंगताना दिसते. किरण समांतर असल्यामुळे खूण अनंत अंतरावर असल्यासारखी भासते. डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी ती लक्ष्यावरून ढळत नाही. दुर्बिणी करणाऱ्यालाच सुचावी अशी ही कल्पना आहे. कारण ‘अनंत अंतर’ हे त्याच्या रोजच्या व्यवहारातले माप असते.

सैन्याने ही कल्पना लगेच उचलली नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन लढाऊ विमानांवर असे नेमदर्शक दिसू लागले, आणि दुसऱ्या महायुद्धात ते बहुतेक सर्व देशांच्या लढाऊ विमानांवर होते. खुद्द ग्रबचा कारखाना पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांची परिदर्शके करण्यात गुंतला. १९२५ साली तो चार्ल्स पार्सन्स यांनी घेतला, आणि १९८५ साली ग्रब-पार्सन्स हे नाव उद्योगातून नाहीसे झाले.

यानंतर ही कल्पना आकाशाकडे परतली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील हौशी निरीक्षक स्टीव्ह कुफेल्ड यांनी ‘टेलरॅड’ नावाचा शोधक बाजारात आणला. त्यात बंदूक नाही, तोफ नाही. तिरप्या काचेत तांबड्या प्रकाशाची अर्ध्या, दोन आणि चार अंशांची तीन वर्तुळे आकाशावर तरंगतात. मधल्या लहान वर्तुळात पूर्णचंद्र नेमका मावतो. पुढे याचे स्वस्त धाकटे भाऊ निघाले, ज्यांत वर्तुळांऐवजी एकच तांबडा ठिपका असतो. आज पुष्कळशा नव्या हौशी दुर्बिणींबरोबर हेच ठिपक्याचे शोधक येतात. त्यांतील प्रत्येकाच्या पोटी पुण्याची दुर्बीण घडविणाऱ्या ग्रबची १९०० सालची युक्ती आहे.

मग बंगलोरच्या त्या गच्चीवर हाच शोधक बसवावा काय? येथे इतिहासाचे प्रेम बाजूला ठेवून आकाशाकडे पाहावे लागते. ग्रबच्या युक्तीत एक उणीव जन्मापासून आहे: ती काहीही मोठे करीत नाही आणि काहीही उजळ करीत नाही. डोळ्याला जे तारे दिसतात, त्यांच्यातच ती ठिपका ठेवते. कोकणातल्या एखाद्या खेड्यात, जेथे डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, तेथे याहून सुखाची दुसरी सोय नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवावे, नकाशावर पाहावे आणि वर्तुळ तेथे न्यावे. पण शिवाजीनगराच्या दिव्यांच्या लोटात तिसऱ्या, फार तर चौथ्या प्रतीपर्यंतचेच तारे तग धरतात. शौरी तारकासमूहातील प्रसिद्ध गोलाकार तारकागुच्छ घ्या. तो समूहातील चौकोनाच्या एका बाजूवर, दोन ताऱ्यांच्या मधोमध नाही तर एकाच्या अंगाला थोडा झुकून आहे. त्यांतील एक तारा जेमतेम साडेतीन प्रतीचा. तोच दिसेनासा झाला, तर ठिपका ठेवायचा कोठे? खूण उत्तम, पण खूण करायला जागा नाही, अशी गत होते.

अशा आकाशात भिंगाचा शोधक कामास येतो. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटर भिंग तिच्या पन्नासपट प्रकाश गोळा करते, म्हणजे चार प्रतींहून अधिक खोल पाहता येते. ३० मिलिमीटरचे भिंग अठरा पटींवर थांबते. हा फरक कागदावर लहान वाटला तरी शहरात तो तारा दिसणे आणि न दिसणे यांतला आहे. स्वस्त दुर्बिणींबरोबर २४ मिलिमीटरचा जो शोधक मिळतो त्याच्या आत बहुधा एक चकती बसविलेली असते, जी भिंगाचा निम्मा भाग झाकून टाकते. फुटला तो असा असेल तर त्याचे दुःख करू नये.

दुसरी गोष्ट बंगलोरच्या अक्षांशाची. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस केवळ १३ अंशांवर आहे. त्यामुळे मृगातील तेजोमेघ मध्यान्ह ओलांडताना खस्वस्तिकापासून केवळ १८ अंशांवर असतो. नरतुरंगातील मोठा तारकागुच्छही दक्षिणेस ३० अंश उंच चढतो, जो पुण्याहून जेमतेम २४-२५ अंशच चढतो. सरळ नळीच्या शोधकातून डोक्यावरचे पाहायचे म्हणजे मान मोडून घेणेच होय. म्हणून काटकोनी शोधक घ्यावा. मात्र त्यात आरसा एकच असेल तर डावे-उजवे उलटते, आणि उलटलेला नकाशा कसाही फिरवला तरी आकाशाशी जुळत नाही. सरळ शोधकातले पूर्ण उलटे चित्र त्यापेक्षा परवडते, कारण नकाशा उलटा धरला की काम भागते. लोलकाने प्रतिमा सुलट करणारा काटकोनी शोधक मिळतो. तोच येथे योग्य. काटकोनी शोधकाला न्यूटनच्या दुर्बिणीचाच दोष लागतो: डोळा वेगळ्या दिशेला लागतो आणि प्रथम दिशा गवसत नाही. त्यासाठी नळीवर एक ठिपक्याचा शोधक, नाही तर सहा-आठ इंच लांबीची साधी पोकळ नळी बसवावी. भास्कराचार्यांची नलिका येथे पुन्हा उपयोगी पडते, आणि तिला विजेरी लागत नाही. ठिपक्याच्या शोधकाची विजेरी मात्र रात्री विझवायची राहिली की सकाळी मेलेली सापडते.

हिरव्या लेझरचा किरण आकाशात सोडून नेम धरण्याची एक नवी हौस निघाली आहे. ती शहरात वर्ज्य मानावी. वैमानिकाच्या डोळ्यांवर असा किरण पडणे ही थट्टेची बाब नाही, आणि बंगलोरवरून विमाने सतत ये-जा करतात.

नवा शोधक घेताना भिंगापेक्षा बैठकीने अधिक फसवणूक होते. फुटलेल्या शोधकाची बैठक नळीवर दोन स्क्रूंनी बसविलेली असते, आणि त्या दोन भोकांतील अंतर प्रत्येक बनावटीत सारखे नसते. खाचेत सरकणाऱ्या पायाची रुंदीही वेगळी असू शकते. म्हणून दोन्ही मापे घेऊन, जमल्यास जुना पाया हातात घेऊनच दुकान गाठावे. नळी पातळ पत्र्याची असेल तर आतून चकती घातल्याशिवाय नवे भोक पाडू नये. आणि ते पाडण्यापूर्वी आरसा बाहेर काढून ठेवावा, हे सांगायला नको असे वाटते, पण सांगितलेले बरे. ५० मिलिमीटरच्या शोधकाने नळीचे वरचे टोक जड होते. तिचा तोल पुन्हा साधावा लागतो.

नायगामवालांच्या वेधशाळेचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे मोहीम नेली, आणि तिचा वृत्तांत १९०२ साली वेधशाळेचा पहिला ग्रंथ म्हणून निघाला. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही त्याच वर्षी बंद करण्यात आली. कॉलेज होते, इमारत होती, यंत्र होते. नेम धरणारा गेल्यावर सरकारला ती चालविण्याचे कारण दिसले नाही. दुर्बीण कोडाईकनालला पाठविली. ती वेधशाळा १९७१ साली भारतीय ताराभौतिकी संस्थेचा भाग झाली आणि त्या संस्थेचे मुख्यालय बंगलोरात कोरमंगल येथे आले. अशा रीतीने पुण्याच्या शिवाजीनगरातील दुर्बिणीचा वारसा बंगलोरच्या शिवाजीनगरापासून काही मैलांवर येऊन विसावला. १९८० च्या दशकात लडाखमधील आकाशाची पारख करण्यासाठी हीच जुनी भावनगर दुर्बीण लेहकडे नेण्यात आली होती, इतके तिचे अंग धड राहिले होते.

नवा शोधक बसविल्यावर तो मोठ्या नळीशी समांतर करणे हे शेवटचे काम. त्याला दिवसाउजेडी दूरचे स्थिर लक्ष्य लागते. लक्ष्य १०० मीटरवर असेल तर दोन नळ्यांमधील वीतभर अंतराने पाच-सहा कलांची चूक राहते. हजार मीटरवर ती अर्ध्या कलेच्या आसपास येते आणि तिची फिकीर करावी लागत नाही. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरच हे काम करावे. एरवीही सूर्याकडे दुर्बीण वळविण्याची वेळ आली तर शोधकाचे तोंड आधी झाकावे. डोळ्याला लागणारा चटका तो धाकटा आहे म्हणून कमी नसतो. शिवाजीनगराच्या भोवती पुरेशा अंतरावर गच्ची असेल तर १८८२ साली पूर्ण झालेला सेंट मेरीचा मनोरा या कामास फार चांगला. आधी मोठ्या दुर्बिणीत मनोऱ्यावरचा क्रूस आणावा. तो उलटा दिसतो. मग शोधकाचे स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवून त्याच्या ताणलेल्या तारांच्या छेदावर तोच क्रूस आणावा. येथे तो सुलटा दिसतो. स्क्रू घट्ट करावे, पुन्हा मोठ्या दुर्बिणीत पाहावे, आणि अंधार पडल्यावर एखाद्या ठळक ताऱ्यावर हीच तपासणी आणखी एकदा करावी.